दारचें झाड कोणाचें ? – राजुऱ्याची एक जुनी कहाणी

वर्धा नदीच्या डाव्या तीरावर बल्लारपूर आणि उजव्या तीरावर राजुरा. दोहोंमधील अंतर थोडें. नदी ओलांडली तरी तेंच काळें रान, तोच अंगाची लाही करणारा उन्हाळा आणि तींच झाडें. इकडच्या अंगणांत कडुनिंब, तर तिकडच्याही अंगणांत कडुनिंब. इकडच्या पारावर पिंपळ, तर तिकडच्याही पारावर पिंपळ. परंतु सव्वाशें वर्षें या दोन तीरांवरील झाडांचे धनी निराळे होते. एका तीरावर जें झाड घरवाल्याचें म्हणून समजलें जाई, तेंच दुसऱ्या तीरावर एखाद्या सरकारी खात्याच्या वहींत नोंदलेलें असे. झाडास याची काय खबर ! तें आपलें दोहों तीरांवर सारखेंच फुलत होतें. खबर होती ती त्याच्या सांवलींत बसणाऱ्या माणसास.

राजुऱ्याचा भाग मूळचा चांद्याच्या गोंड राज्याच्या छायेंतला. माणिकगडचा किल्ला तर त्याहूनही जुना असून तो नागवंशी राजांनीं बांधला असें परंपरा सांगते. पुढें १७५१ च्या सुमारास चांद्याचें गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांच्या हातीं गेलें. भोसले व निजाम यांच्यामधील हद्दीचा प्रश्न मात्र बरींच वर्षें लोंबकळत होता. अखेर १८२२ सालच्या तहानें वर्धा नदी ही सीमा ठरली आणि तिच्या पश्चिमेकडील मुलुखावरील भोसल्यांचा हक्क संपला. राजुरा अशा रीतीनें निजामाच्या राज्यांत गेलें. पैलतीर १८५३ सालीं नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांच्या ताब्यांत आला. पुढें निजामाच्या राज्यांत आदिलाबाद हा जिल्हा १९०५ सालीं झाला व राजुरा त्यांतील एक तालुका म्हणून राहिलें. ज्या गांवचे सोयरे नदीपलीकडचे, बाजार नदीपलीकडचा आणि बोली नदीपलीकडची, त्या गांवची कचेरी मात्र उर्दूंत चाले. नदीवरून माल आणावयाचा किंवा न्यावयाचा म्हणजे करोडगिरीच्या नाक्याशीं गांठ.

आतां या भागांतील घराभोंवतालच्या झाडांकडे वळूं. पुण्यामुंबईकडच्या वाचकांस दारचें झाड म्हटलें कीं कोणीतरी आळें करून, रोज पाणी घालून वाढविलेलें झाड आठवतें. कोंकणांतील नारळपोफळ तर माणसाच्या हातावांचून जगतच नाहीं. राजुऱ्याकडील परंपरा याहून निराळी आहे. येथें गांव झाडापाशीं आलें. झाड गांवापाशीं आलें नाहीं. रान तोडून घर घालतांना माणसानें सर्व झाडें तोडलीं नाहींत. मोह राखला, चिंच राखली, आंबा राखला, जांभूळ राखलें, उंबरास तर कुऱ्हाड लावण्याचें पातकच. पुढें पांखरांनीं टाकलेल्या निंबोळ्यांतून सांदवाडीच्या कडेला कडुनिंब उगवला, बोर उगवली. त्यांतलीं सोयीचीं झाडें राहूं दिलीं, गैरसोयीचीं काढलीं. म्हणजे दारचें झाड हें येथें बहुधा लावलेलें नव्हे, तर राखलेलें झाड होय. लावणें ही एका दिवसाची गोष्ट आहे; राखणें ही दोनतीन पिढ्यांची.

हा भेद केवळ शब्दांचा नाहीं. हिंदुस्थानांतील महसुली वहिवाटींत तो फार महत्त्वाचा ठरला आहे. ज्यानें झाड लावलें त्याचा त्यावर हक्क, ही गोष्ट बहुतेक राजवटींनीं थोड्याफार फरकानें मानली. पण जें आपोआप उगवलें आणि माणसानें नुसतें राखलें, तें कोणाचें ? जमीन ज्याची त्याचें, कीं गांवाचें, कीं सरकारचें ? या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक राजवट आपल्या सोयीप्रमाणें देत आली. ज्या मुलुखांत लावलेलीं झाडें थोडीं आणि राखलेलीं फार, त्या मुलुखांतील लोकांस या उत्तरांची झळ सर्वांत अधिक लागावी, हें ओघानेंच आलें.

राखलेल्या झाडांत पहिला मान मोहाचा. फाल्गुन-चैत्रांत त्याचीं पानें झडून जातात आणि उघड्या फांद्यांवर फुलांचे घोस येतात. फूल मांसल, पिंवळट पांढरें व साखरेनें भरलेलें. तें रात्रीं सुटूं लागतें व पहांटेपर्यंत जमिनीवर त्याचा सडा पडतो. बाया व मुलें उजाडण्यापूर्वींच टोपल्या घेऊन झाडाखालीं जातात. कारण उशीर झाला तर गुरें, हरणें आणि रानांत असेल तर अस्वल आधीं हजर असतें. वेंचलेलीं फुलें अंगणांत वाळत घालतात. वाळल्यावर तीं मनुकेसारखीं तांबूस होतात व मडक्यांत वर्षभर टिकतात. तीं भाजून खातात, शिजवून खातात, ज्वारीच्या पिठांत मिसळतात. त्यांची दारू होते हें शहरी माणसास ठाऊक असतें, पण तीं अन्न आहेत हें त्यास बहुधा ठाऊक नसतें. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्यप्रांतांतील रानभागांत ज्यांनीं दिवस काढले त्यांच्या पोटांत मोहफूल होतें. फुलांमागून ज्येष्ठाच्या सुमारास फळ येतें. त्यास इकडे टोळी म्हणतात. तिच्या बियांचें तेल दिव्यास, अंगास आणि फोडणीसही चालतें. अशा झाडास एका घरचा पोशिंदा म्हणणें ही अतिशयोक्ति नव्हे. भाऊ वेगळे झाले म्हणजे शेताबरोबर मोहाचीही वांटणी होई. झाड एकाच्या बांधावर आणि फुलें दोघांचीं, असा प्रकारही असे.

चिंचेची गोष्ट थोडी वेगळी. ती मूळची आफ्रिकेंतील. पण या देशांत इतक्या प्राचीन काळीं आली कीं अरबांनीं तिला ‘तमर-इ-हिंद’ म्हणजे हिंदचा खजूर असें नांव दिलें. तिच्या सांवलींत निजूं नये अशी समजूत सर्वत्र आहे, आणि तरीही उन्हाळ्यांत बैल तिच्याखालींच बांधलेले असतात. कडुनिंबाविषयीं मात्र दुमत नाहीं. चंद्रपूरकडचा पारा वैशाखांत ४७-४८ अंशांपर्यंत चढतो. अशा वेळीं कवेलूच्या घरावर निंबाची फांदी आलेली असणें ही शोभा नव्हे, ती प्राणरक्षणाची व्यवस्था आहे. पेरू, सीताफळ आणि पपई हीं तीन तर अमेरिकेहून पोर्तुगीजांच्या काळांत आलेलीं. पण सांदवाडींत तीं अशीं रमलीं कीं आज त्यांस परकीं म्हटलेलें कोणास पटावयाचें नाहीं. पोळ्याच्या वेळीं दारावर पळसाच्या फांद्या ठेवावयाच्या आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे त्या मारबतीच्या नांवानें गांवाबाहेर टाकावयाच्या, ही वऱ्हाड-नागपुराकडील चाल इकडेही आहे. घरचे सण देखील अशा रीतीनें झाडांवर अवलंबून असत.

गोंडांच्या बाबतींत तर झाड हें देवाचें घर होय. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत गोंडांच्या थोर देवाचें वसतिस्थान साज वृक्षांत असल्याचें नमूद केलें आहे. साज म्हणजेच आपला ऐन. तेव्हां गांवाशेजारचें ऐनाचें झाड तोडण्यास आलेला मक्तेदार आपण फक्त इमारती लांकूड तोडीत आहों असें समजे, आणि पाहणाऱ्या गोंडास आपलें देऊळ पडत आहे असें वाटे. दोघांच्या दृष्टींतील हें अंतर कोणत्याही कचेरीच्या वहींत कधीं लिहिलें गेलें नाहीं.

राजानें प्रजेच्या झाडाशीं कसें वागावें याविषयीं मराठी राज्यनीतीचें मत प्रसिद्ध आहे. रामचंद्रपंत अमात्यांचें ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमाराचें. आरमारासाठीं लांकूड लागतें, तें स्वतःच्या रानांतून परवानगीनें तोडावें. आंबा-फणसासारखीं झाडें मात्र रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, तीं तोडलीं तर तिच्या दुःखास पार राहत नाहीं, असा त्याचा आशय आहे. एखादें झाड फारच जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन तोडावें. बळजोरी सर्वथा करूं नये, असेंही त्यांत बजावलें आहे. हें मत फार थोर आहे यांत शंका नाहीं. तथापि बारकाईनें पाहिल्यास दिसतें कीं, येथेंही विचार मुख्यतः लावलेल्या आणि वाढविलेल्या झाडाचा आहे. रानांतून आपोआप आलेल्या मोहाचा कैवार घेणारा अमात्य झाडीपट्टीस मिळाला नाहीं.

पैलतीरावर, म्हणजे चांद्याकडे, इंग्रजांनीं मालगुजारी पद्धति घातली. मेजर ल्यूसी-स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल १८६९ सालचा आहे. मालगुजार हा पूर्वीं सारा गोळा करणारा मनुष्य. जमाबंदीनें तो गांवचा मालक झाला. गांवठाणाची जागा, पडीत, झुडपी रान आणि त्यांतील झाडें त्याच्या मालकींत गेलीं. रयतेस निस्तारासाठीं काय मिळावें, कोणत्या झाडाचें फळ कोणी घ्यावें, वाळलेलें झाड कोणी तोडावें, या वहिवाटी ‘वाजिब-उल-अर्ज’ नांवाच्या गांवच्या कागदांत लिहून ठेवीत. मालगुजार भला असला म्हणजे त्या कागदाची कोणास आठवणही होत नसे. तो खट असला म्हणजे अंगणांतील मोहाच्या फुलांवरून देखील तंटा उभा राही. मोठीं रानें सरकारनें आपल्याकडे घेतलीं. १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनीं त्यांस राखीव करण्याचा मार्ग मोकळा केला आणि १९२७ च्या कायद्यानें त्यावर कळस चढविला.

ऐलतीरावर, म्हणजे राजुऱ्याकडे, मालगुजार नव्हता. तेथें सरकार व पट्टेदार यांचा संबंध बव्हंशीं सरळ असे. परंतु त्यामुळें झाड सुटलें असें मात्र नाहीं. तेथें त्याच्यावर तीन खात्यांची नजर होती. जंगलात खातें सागासारख्या राखीव जातींकडे पाही. करोडगिरी खातें नदी ओलांडणाऱ्या मालाकडे पाही. आणि आबकारी खातें शिंदीकडे पाही.

या शिंदीची हकीगत विस्तारानें सांगण्यासारखी आहे. ओढ्याकांठीं, गांवाच्या खोलगट जागेंत, बांधावर शिंदीचीं झाडें आपोआप उगवतात. तिच्या पानांच्या चटया व झाडू होतात. ती गुरांपासून कुंपणाचें काम करते. आणि खोडास छेद देऊन मडकें बांधलें म्हणजे नीरा मिळते, तीच आंबल्यावर ताडीसारखें पेय होतें. निजामाच्या राज्यांत आबकारी हें सरकारी उत्पन्नाच्या सर्वांत मोठ्या साधनांपैकीं एक होतें. शिंदीचीं झाडें मोजलीं जात, छेदण्याच्या हक्काचा लिलाव होई, आणि मक्तेदाराचीं माणसें गांवोगांव फिरत. झाड एखाद्या पट्टेदाराच्या शेतांत असलें तरी रसावरचा हक्क सरकारचा. पट्टेदारास झाडामागें मालकाना म्हणून कांहीं अल्पशी रक्कम मिळे. स्वतःच्या बांधावरच्या झाडास स्वतः मडकें बांधणें हा गुन्हा होता. म्हणजे मूळ शेतकऱ्याचें, सांवली शेतकऱ्याची, पानें शेतकऱ्याचीं, आणि रस मात्र हैदराबादचा !

इंग्रजी मुलुखांतही असेच प्रकार होते. मुंबई सरकारनें १८९२ सालीं ठाणें व कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठीं एक खास कायदाच केला. मोहाचीं फुलें बाळगण्यावर व विकण्यावर त्यानें निर्बंध घातले. कारण लोक घरीं दारू गाळतात आणि सरकारी दारूचा खप घटतो. झाड तोडूं नका असें सांगणारें सरकार एक वेळ समजूं शकतें. पण अंगणांत पडलेलें फूल उचलूं नका म्हणणाऱ्या सरकारास काय म्हणावें!

१९२९ सालीं काजीपेठ–बल्लारशा हा लोहमार्ग पुरा झाला आणि दक्षिण हिंदुस्थान व उत्तर हिंदुस्थान यांस जोडणारी सरळ वाट राजुऱ्याच्या रानांतून गेली. माणिकगड, विरूर हीं स्थानकें याच मार्गावरचीं. रानांत गाडी शिरली म्हणजे रानाचा हिशेब बदलतो. जें लांकूड पूर्वीं बैलगाडीनें नदीपर्यंत नेणें परवडत नसे तें आतां परगांवीं जाऊं लागलें. सिरपूरची कागदाची गिरणी १९३८ सालीं निघाली. बल्लारपूरची कंपनी १९४५ सालीं स्थापन होऊन तिचा कागद १९५३ पासून निघूं लागला. दोन्ही गिरण्यांस बांबू हवा होता, आणि बांबू तर या भागांतील घराची भिंत, छपर, टोपली, सूप, पाळणा आणि तिरडी. बल्लारशाचें सागवान तर देशभर प्रसिद्ध झालें. आजही त्याचा लौकिक कमी झालेला नाहीं; अयोध्येंतील राममंदिरासाठीं २०२३ सालीं याच जिल्ह्यांच्या रानांतील सागवान बल्लारशाहून रवाना झालें.

याच सुमारास शेजारच्या आसिफाबाद तालुक्यांत मोठें प्रकरण झालें. रान साफ करून वसलेल्या गोंडांच्या वस्त्या जंगलात खात्यानें उठविण्यास आरंभ केला, आणि कुमराम भीमू याच्या नेतृत्वाखालीं गोंड जोडेघाटच्या डोंगरांत उभे राहिले. १९४० सालीं पोलिसांच्या गोळीबारांत भीमू व त्याचे सोबती मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारास जाग आली व क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेंडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञास या लोकांची पाहणी करण्यास सांगण्यांत आलें. मारलवाई येथें त्यांनीं मुक्काम केला, गोंडी भाषेंतून शिक्षक तयार करण्याची शाळा चालविली, आणि आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. सरकारनें गोंडांस जमिनीचे पट्टे देण्यास सुरुवात केली ती यानंतर. या साऱ्याच्या मुळाशीं प्रश्न तोच होता : रानांत घर बांधलें तर घराभोंवतालचें झाड घराचें, कीं घर झाडाच्या मालकाचें ?

स्वातंत्र्याच्या वेळीं शिंदीस पुन्हां एकदां इतिहासांत ओढलें गेलें. १९४७ च्या ऑगस्टनंतरही निजाम हिंदुस्थानांत सामील होईना, तेव्हां स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसनें संस्थानभर लढा पुकारला. जंगल सत्याग्रह झाले, करोडगिरीचे नाके उठविण्यांत आले आणि शिंदीचीं झाडें ठिकठिकाणीं तोडण्यांत आलीं. यामागील हेतु उघड होता. शिंदी म्हणजे निजामाचा खजिना. ती पाडली म्हणजे खजिन्याचा एक झरा आटतो. राजकीय दृष्टीनें तें बिनतोड होतें आणि लोकांच्या मनांतील रोषही खरा होता. पण ज्या चटईवाल्या व झाडूवाल्या घरांचें पोट त्याच पानांवर होतें, त्यांनीं या तोडीकडे कशा नजरेनें पाहिलें असेल, हा प्रश्न त्या काळच्या धामधुमींत कोणी विचारला नाहीं. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारताच्या फौजा संस्थानांत शिरल्या व १७ सप्टेंबरास निजामाची राजवट संपली. राजुऱ्यास तो दिवस अद्यापि मुक्तिदिन म्हणून पाळतात. नदीपलीकडच्या बल्लारपुरास मात्र त्याचें विशेष महत्त्व नाहीं.

यानंतरच्या बारा वर्षांत राजुऱ्यानें इतक्या कचेऱ्या पाहिल्या कीं एखाद्या तालुक्याच्या वांट्यास दोनशें वर्षांत येऊं नयेत. १९४८ पर्यंत निजाम; त्यानंतर भारतांत विलीन झालेलें हैदराबाद राज्य; १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचना झाली तेव्हां आदिलाबाद जिल्ह्यांतून निघून मुंबई राज्याच्या नांदेड जिल्ह्यांत; १९५९ सालीं नांदेडांतून चांदा जिल्ह्यांत; आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत. अंगणांतला निंब जागचा हलला नाहीं, पण त्याची फांदी तोडावयाची तर अर्ज कोणत्या भाषेंत आणि कोणाच्या नांवें करावयाचा, हें तीनदां बदललें. राजुऱ्याहून नांदेड कोठें आणि चांदा कोठें ! लोकांनीं चांद्याची मागणी केली यांत नवल तें कोणतें ?

दरम्यान पैलतीरावर मोठा पालट झाला होता. मध्यप्रदेश सरकारनें १९५० सालीं मालगुजारी नष्ट करण्याचा कायदा केला व १९५१ च्या मार्चअखेर तो अमलांत आला. गांवचीं रानें, पडीत जमिनी, तळीं हीं सरकारजमा झालीं. पण त्या कायद्यांत एक लहानसें कलम होतें, तें या विषयाच्या दृष्टीनें सोन्याच्या मोलाचें. गांवठाणांतील घरांच्या जागा, आवारें, विहिरी आणि त्या जागेंतील झाडें हीं ज्याच्या ताब्यांत असतील त्याच्याकडेच राहतील, असें त्यांत म्हटलें होतें. झाड लावलेलें कीं आपोआप उगवलेलें, असा प्रश्न कलमानें विचारला नाहीं. घराच्या आवारांत आहे ना, मग घराचें. शेंकडों वर्षें लोक जें म्हणत आले तें कायद्यानें एका ओळींत मान्य केलें.

महाराष्ट्रांत आल्यावर दोन्ही तीरांस एकच कायदा लागू झाला. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमानें धारकाच्या जमिनींतील झाडांवर धारकाचाच हक्क, हें तत्त्व सर्व राज्यासाठीं सांगितलें. त्याआधीं १९६४ सालीं झाडें तोडण्याचें नियमन करणारा अधिनियम झाला होता. त्याच्या अनुसूचींत साग, मोह, चिंच, आंबा, हिरडा, ऐन, बिजा, खैर, जांभूळ वगैरे झाडें घातलेलीं असून तीं स्वतःच्या जमिनींतील असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. म्हणजे झाड तुमचें, पण कुऱ्हाड सरकारच्या परवानगीची. मूळ अनुसूचींत कडुनिंबाचें नांव नाहीं ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ज्या झाडाचें लांकूड किंवा फळ बाजारांत जातें त्याची कायद्यास आठवण झाली. जें नुसती सांवली देतें तें विसरलें गेलें.

मालकी हक्क मिळाला, तरी त्याचा लाभ मालकास होईलच असें नाहीं, हेंही लवकरच दिसून आलें. आदिवासीच्या शेतांत दहावीस साग उभे असत. त्यांचें मोल त्यास ठाऊक नसे आणि गरज मात्र आजची असे. व्यापारी येऊन चार रुपये हातावर ठेवी, कागदावर अंगठा घेई, आणि शंभर वर्षांचें झाड गाडींत चढे. हा व्यवहार इतका बोकाळला कीं १९६९ सालीं अनुसूचित जमातींच्या लोकांच्या झाडांची विक्री नियंत्रित करणारा स्वतंत्र अधिनियम करावा लागला. त्यानें अशी विक्री सरकारी यंत्रणेमार्फत होऊं लागली. व्यापाऱ्याची लबाडी त्यानें आटोक्यांत आली. तथापि कचेरीच्या फेऱ्या वाढल्या, हेंही तितकेंच खरें. ज्याचें झाड त्यासच त्याच्या पैशांसाठीं वाट पाहत बसावें लागे.

यापुढचा काळ झपाट्याचा आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेंमागें मराठवाड्यांतून अनेक कुटुंबें जिवतीच्या पठारावर येऊन वसलीं. त्यांनीं रान मोडून शेतें केलीं. तेथील कोलाम व गोंड त्याआधींपासूनचे. दोन्ही प्रकारचे लोक आज शेजारीं राहतात, आणि कोणत्या घरापाशीं मोह उभा आहे व कोणत्या घरापाशीं नुकतें लावलेलें आंब्याचें कलम आहे, यावरून घर किती जुनें याचा अंदाज बांधतां येतो. गडचांदुराकडे चुनखडी होती. सिमेंटचे कारखाने आले. सास्ती, धोपटाळा, गोवरी या बाजूस कोळसा होता. उघड्या खाणी वाढत गेल्या. खाण गांवापर्यंत आली म्हणजे गांव हलवावें लागतें. घरें हलतात, देव हलतात, शाळा हलते. झाड हलत नाहीं.

अशा वेळीं झाडाची किंमत ठरविण्याचा प्रसंग येतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यांत जमिनीवरील झाडांचें मूल्य शेती, वनविद्या किंवा फळबागा यांतील जाणत्या माणसांकडून ठरवून घेण्याची तरतूद आहे. आंब्याचें मोल त्याच्या फळांवरून निघतें, सागाचें त्याच्या घेरावरून निघतें. पण अंगणांतील निंबाच्या सांवलीचें मोल कोणत्या रकान्यांत लिहावयाचें ? नव्या वसाहतींत आंखीव चौकोनी जागा मिळते, रस्ते रुंद मिळतात, वीज मिळते. पहिलीं दहापंधरा वर्षें दुपारीं बसावयास जागा मात्र मिळत नाहीं. ज्यानें आयुष्य राखलेल्या झाडाखालीं काढलें त्यास आतां लावलेल्या रोपापासून आरंभ करावा लागतो. आणि वयाचा हिशेब केला तर त्या रोपाची सांवली त्याच्या नातवासाठीं आहे.

सरकारी लावणीचा प्रयोगही या काळांत झाला. सामाजिक वनीकरण खातें १९८२ सालीं निघालें व रस्त्यांच्या कडेला सुबाभूळ, निलगिरी असलीं भराभर वाढणारीं झाडें दिसूं लागलीं. २०१६ पासून पुढें राज्यानें कोट्यवधि झाडें लावण्याच्या मोहिमा काढल्या; त्या वेळचे वनमंत्री चंद्रपूर जिल्ह्यांतीलच होते. झाड लावण्याचा उत्साह स्तुत्य आहे. परंतु मोजणी नेहमीं लावलेल्या झाडांची होते. एखाद्या म्हातारीनें बकऱ्यांपासून कांटे लावून वांचविलेल्या बांधावरच्या मोहाची नोंद कोणत्याच मोहिमेंत होत नाहीं.

राजुरा शहरांत आतां नगरपरिषद आहे आणि शहरी भागांतील झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा अधिनियम तेथें लागू आहे. २०२१ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील झाडांस ‘वारसा वृक्ष’ म्हणून मान देण्यांत आला. शहरी घराची रचना मात्र बदलली आहे. कवेलू जाऊन गच्ची आली. अंगणांत फरशी आली. गल्लींत सिमेंटचा रस्ता झाला आणि तो थेट खोडापर्यंत गेला. निंबाच्या मुळांस पाणी कोठून मिळावें याचा विचार रस्ता करणाऱ्याच्या अंदाजपत्रकांत नसतो. झाड तोडलें तर दंड आहे. त्याचा गळा आवळला तर नाहीं.

मोहाच्या बाबतींत मात्र अलीकडे दोन गोष्टी घडल्या. २००६ च्या वनहक्क कायद्यानें रानांत राहणाऱ्यांचा गौण वनोपजावरील मालकी हक्क मान्य केला. मोहफूल हें त्यांतील एक प्रमुख उत्पन्न. तरीही दारूबंदीच्या कायद्यामुळें फुलें सांठविण्यावर व नेण्याआणण्यावर बंधनें होतींच, आणि चंद्रपूर जिल्ह्यांत तर १ एप्रिल २०१५ पासून संपूर्ण दारूबंदी होती. आपल्या अंगणांतील फुलांचें मडकें घरांत ठेवतांना बाईस मनांत धाकधूक वाटावी अशी ती स्थिति. २०२१ सालीं जिल्ह्यांतील दारूबंदी उठली आणि त्याच वर्षीं राज्य सरकारनें मोहफुलें गोळा करणें, सांठविणें व वाहून नेणें यांवरील निर्बंधही काढून टाकले. ठाणें-कुलाब्याच्या त्या १८९२ च्या कायद्यास तेव्हां एकशेंएकोणतीस वर्षें झालीं होतीं.

आतां चैत्रांत माणिकगडच्या पायथ्याच्या गांवांतून गेलें तर नव्या सिमेंटच्या गच्च्यांवर फुलें वाळत पडलेलीं दिसतात. अंगण राहिलें नाहीं, तेव्हां गच्चीचें अंगण झालें. पहांटे टोपली घेऊन जाणारी बाई जिना चढून तीं पसरते, आणि खालीं राहिलेल्या दोनचार मोहांपैकीं कोणता कोणाच्या वांट्याचा, हें तिला सात-बाराचा उतारा न पाहतांही ठाऊक असतें.